९७३.७ ते ९५४, व्हाया कापूस

गेल्या शनिवारी बायको आणि लेक मराठी शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीला गेल्या होत्या. म्हणजे मला चक्क चार तास मोकळे! लॅपटॉप उघडला असता तर ऑफिसचं काहीतरी काम निघालंच असतं, म्हणून सरळ आमच्या उपनगरातली पब्लिक लायब्ररी गाठली.

शिकागोच्या आसपास राहणाऱ्याला लायब्ररीचं कौतुक असावं असा इथला इतिहासच आहे. १८७१ च्या मोठ्या आगीत शहर जळालं, तेव्हा इंग्लंडमधून ८,००० च्या वर पुस्तकं भेट म्हणून आली. ती ठेवायला जागा कुठली? मग आगीतून वाचलेल्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत १ जानेवारी १८७३ ला शहराचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. पुस्तकं म्हणजे अक्षरशः टाकीभर ज्ञान :)

तर मंडळी, मी नेहमीप्रमाणे युद्धाच्या कपाटांकडे वळलो. आमच्याकडे ड्युई पद्धत आहे. ३५५ म्हणजे सैन्यशास्त्र, ९४०.५३ च्या आसपास दुसरं महायुद्ध आणि ९७३.७ म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध. या शेवटच्या आकड्याने इथं दोन रांगा अडवल्यात. लिंकन, ग्रँट, ली, शर्मन... एकट्या गेटिसबर्गवर, म्हणजे जुलै १८६३ मधल्या तीन दिवसांवर, हातभर पुस्तकं. आणि ९५४ म्हणजे भारत. सिंधू संस्कृतीपासून आजपर्यंतचा सगळा भारत मिळून एक खण!

या युद्धाची नोंद ठेवायची अमेरिकन हौस जबरदस्त आहे. सरकारने दोन्ही बाजूंचे हुकूम, अहवाल, तारा गोळा करून १८८० ते १९०१ या काळात १२८ पुस्तकांत छापल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनची पूर्ण लॉग फाईल. कोणत्या ब्रिगेडने कोणत्या दिवशी कुठला ओढा ओलांडला, सगळं सापडतं.

मी एक जाडजूड पुस्तक घेऊन खुर्चीत बसलो आणि नाकेबंदीच्या प्रकरणावर अडलो. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेची बंदरं बंद करायचा हुकूम काढला. दक्षिणेनेही सुरुवातीला कापूस मुद्दाम अडवून धरला. इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल, असा त्यांचा हिशेब. इंग्लंडचा तीन चतुर्थांशाच्या आसपास कापूस तिथूनच यायचा. पण इंग्लंड काही युद्धात उतरलं नाही, त्यांनी दुसरीकडून कापूस आणला. लेखक एवढं सांगतो आणि लगेच पुढच्या लढाईकडे निघून जातो. पुस्तकात ते ‘दुसरीकडे’ अर्ध्या वाक्यात संपतं.

मी उठलो, कारण ते ‘दुसरीकडे’ म्हणजे आमचं घर! माझं गाव जळगावकडचं. जिनिंगच्या दारात लागलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग बघत मोठा झालेला माणूस मी.

पुढचा भाग शोधायला ३३८ च्या, म्हणजे अर्थशास्त्राच्या कपाटाशी जावं लागलं. तिथे स्वेन बेकर्टचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४) मिळालं. या युद्धाने भारत, इजिप्त, ब्राझीलमधला कापूस जगाच्या बाजारात कसा ओढला, ते त्यात आहे. मुंबईचा भाग आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. कापसाचे भाव कित्येक पट चढले, शहरात पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. (डॉटकॉमचा काळ बघितलेल्यांना पुढचं सांगायला नको.)

९ एप्रिल १८६५ ला लीने ग्रँटपुढे शरणागती पत्करली. ९७३.७ मधली बहुतेक पुस्तकं इथेच आवरतं घेतात. मुंबईत मात्र खरा हाहाकार इथून सुरू झाला. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते आणि कोणाकडेच पैसे नव्हते. प्रेमचंद रायचंदसारखा माणूस बुडाला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, तोवर तेजी ओसरलीही होती.

शेवटचा तुकडा त्या ९५४ च्या एका खणात होता. मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जाची खतं बाहेर काढून जाळली. आपण शाळेत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांना पाठ केलं ना, तेच. एकट्या कापसामुळे ते झालं असं मी म्हणणार नाही. वाढवलेला शेतसारा होता, नापिकी होती. पण तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं आणि भाव पडल्यावर हात आखडला, हीही त्यातली एक कडी होतीच. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने अमेरिकेतल्या युद्धाची दखल घेतली होती.

म्हणजे गोष्ट एकच, पण ती तीन कपाटांत विभागलेली! यात लायब्ररीचा दोष नाही. पुस्तक एकच, त्याला कपाटातली जागाही एकच मिळणार. आम्ही डेटाबेसवाले सुद्धा असंच करतो, आणि मग तीन टेबलं जोडायची राहून गेली की रिपोर्ट चुकतो. फरक इतकाच की इथे जोडायच्या राहिलेल्या ओळीत जनरल नव्हते, शेतकरी होते. जनरलच्या तारा १२८ पुस्तकांत जपल्या गेल्या. सुप्याच्या शेतकऱ्याने हातात आलेला कागद जाळला, कारण त्याच्या नावाचा कागद म्हणजे कर्जच.

रात्री घरी फोन केला, दादांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "यात नवीन काय रे? आपल्या कापसाचा भाव आपल्या गावात ठरलाय कधी?"

असो. पुस्तकं तीन आठवड्यांत परत करायची आहेत. तिन्ही सध्या टेबलावर एकमेकांशेजारी ठेवलीत.