मरणशय्येपाशी घेतलेली कसोटी

अफूच्या बोंडातून पाझरणारा चीक वेदना शमवितो, हे मानवाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. मात्र तो किती द्यावा, आणि त्याच्या अनेक रूपांपैकी कोणते रूप अधिक गुणकारी, ह्या प्रश्नांची उत्तरे चाचणीने शोधण्याचा इतिहास फार अलीकडचा आहे. जर्मनीतील पाडरबॉर्न येथे औषधालयात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर ह्या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. स्वतःवर व आणखी तीन तरुणांवर केलेल्या प्रयोगाची हकिकत त्याने १८१७ साली प्रसिद्ध केली. पाऊण तासात तीनदा मात्रा घेतल्यावर चौघांवरही विषबाधेची लक्षणे उमटली आणि शेवटी व्हिनेगर पिऊन ओकारी काढावी लागली!

१८७४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्डर राइट ह्या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून एक नवे द्रव्य बनविले. १८९८ साली बायर ह्या जर्मन कंपनीने ते ‘हेरॉइन’ ह्या नावाने बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून. त्याची सवय लागत नाही, असा समज पसरला. तो समज किती घातक होता हे जगाला लवकरच कळले. अमेरिकेने १९२४ साली त्यावर बंदी घातली; ब्रिटनने मात्र रुग्णांसाठी त्याचा वापर चालू ठेवला.

ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना एक मिश्रण पाजीत असत. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयावरून त्याला ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ म्हणत. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, जिन किंवा ब्रँडी, सरबताचा पाक आणि क्लोरोफॉर्मचे पाणी असे. आजीबाईच्या बटव्यातील काढ्यासारखेच हे प्रकरण! परंपरेने चालत आले म्हणून चालू राहिले.

ह्या परंपरेला प्रश्न विचारण्याचे बीज एका सेवाधामात रुजले. सिसिली सॉन्डर्स ह्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. वयाच्या तिशीनंतर वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या. पंथाने त्या अँग्लिकन. परंतु १९५८ पासून त्यांचे कार्यक्षेत्र होते पूर्व लंडनमधील सेंट जोसेफ्स हॉस्पिस, म्हणजे आयर्लंडच्या धर्मभगिनींनी १९०५ साली सुरू केलेले मरणासन्नांचे घर. वेदना असह्य होऊन रुग्णाने याचना करावी आणि मग इंजेक्शन मिळावे, ही तेव्हाच्या बहुतेक रुग्णालयांची रीत. सॉन्डर्सबाईंनी ती बदलली. ठरावीक तासांनी, पहिल्या मात्रेचा अंमल सरण्यापूर्वीच पुढची मात्रा तोंडाने द्यायची, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची. हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी जमल्या. असे नियमित औषध दिल्याने रुग्ण व्यसनी होतो, औषधाची मात्रा अखंड वाढवीत न्यावी लागते, ही भीती त्या नोंदींनी खोटी ठरविली.

ह्याच काळात, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, पोप बारावे पायस ह्यांनी इटलीतील भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना दिलेले उत्तर लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाच्या धार्मिक व नैतिक कर्तव्यांना बाधा येत नसेल, तर वेदना शमविण्यासाठी गुंगी आणणारी औषधे देता येतात, त्यामुळे आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरीही, असे त्यांनी स्पष्ट केले. दुःख सोसणे हेच पुण्य, असे मानून रुग्णाच्या हातची गोळी दूर सारणाऱ्या भाविकांनी हे उत्तर मुळातून वाचावे, असे मला वाटते.

१९६७ साली सॉन्डर्सबाईंनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. तेथे पसंती होती ती हेरॉइनला. मॉर्फिनपेक्षा ते सौम्य, रुग्णाला ते अधिक प्रसन्न ठेवते, असा अनुभवी परिचारिकांचाही विश्वास होता. १९७१ साली संशोधक म्हणून आलेल्या डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस ह्यांनी तोच विश्वास तराजूत घातला.

मृत्यूच्या उंबरठ्यावरील माणसावर चाचणी करणे उचित काय? ह्या चाचणीची रचना पाहिली की शंकेचे बरेचसे निरसन होते. कोणालाही औषधावाचून ठेवायचे नव्हते. काहींना हेरॉइन, काहींना मॉर्फिन. मात्रा ज्याच्या त्याच्या वेदनेनुसार. सुमारे दोन आठवड्यांनी औषधांची अदलाबदल करायची, म्हणजे तोच रुग्ण दोन्ही औषधांचा साक्षीदार होतो. एकूण ६९९ रुग्ण चाचणीत आले. अदलाबदलीपर्यंत पोहोचले ते केवळ १४६. रुग्णाभ्यंगासाठी अशा खाटांपाशी उभे राहणाऱ्यास ह्या आकड्याचे नवल वाटणार नाही.

निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये दोन औषधांत काहीच फरक आढळला नाही. पुरुषांना हेरॉइनवर असताना थोडी अधिक वेदना व खिन्नता जाणवली. त्याचे कारण दोन औषधांच्या मात्रेचे प्रमाण ठरविताना धरलेल्या अंदाजात असावे, असे मानले गेले. सारांश, तोंडाने देताना मॉर्फिन हेरॉइनची जागा बिनदिक्कत घेऊ शकते. मिश्रणातील कोकेनही निरुपयोगी ठरले. १९७९ साली कॅनडातील माँट्रियल येथे मेलझॅक, माउंट आदींनी ब्रॉम्प्टन मिश्रण व साधे मॉर्फिनचे द्रावण ह्यांची तुलना केली, तेव्हाही फरक दिसला नाही. ज्या संस्थेने हेरॉइनला उचलून धरले होते तिच्याच छताखाली त्याचे माहात्म्य ओसरले, आणि संस्थेने ते मान्य केले. विद्वानांच्या जगात असा प्रामाणिकपणा दुर्मीळ असतो.

ह्या निकालाचे मोल लंडनपेक्षा आपल्यासारख्या देशांना अधिक. हेरॉइन आपल्याकडे वर्ज्य. मॉर्फिन पुरेसे असेल तर अडचण उरत नाही. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तोंडाने, घड्याळाच्या ठोक्यावर मॉर्फिन देण्याची पद्धत पुरस्कारिली. त्याच वर्षी वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांच्या पुढाकाराने शांती आवेदना आश्रम सुरू झाला. पण आदल्याच वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थविरोधी कायदा आला होता. परवान्यांच्या जंजाळाला व शिक्षेच्या धाकाला कंटाळून औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकत होती, परदेशी जातही होती. ह्या कायद्यातील अटी शिथिल करणारी दुरुस्ती संसदेने केली ती २०१४ साली, ट्वायक्रॉस ह्यांच्या निष्कर्षानंतर ३७ वर्षांनी.