वाचनाचें मोल

विद्येस द्रव्याचें साहाय्य हवें, याविषयीं मतभेद नाहीं. वाद आहे तो तें कोणत्या अटीवर द्यावें याचा. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनें शाळांचें अनुदान बव्हंशीं मुलांच्या परीक्षेवर ठेवलें. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकीं ज्या विषयांत मूल नापास होई, त्यापोटीं दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मग वाचनाचें पुस्तकच मुलांकडून तोंडपाठ करवून घेण्यांत येऊं लागलें. शाळानिरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनीं या पद्धतीवर कठोर टीका केली. १८९० पासून ती टप्प्याटप्प्यानें मोडीत निघाली. आम्हांस वाटतें, अडखळत वाचणाऱ्या मुलामागेंच पैसा अधिक लागतो. तेथेंच तो कापणें म्हणजे रोग्याचें औषध तोडणें होय.