ली-एनफिल्ड रायफलीचा दस्ता : जीर्णोद्धार आणि पुरावा

जुन्या शस्त्राच्या इतिहासात लोखंडाइतकेच लाकूडही साक्षीदार असते. परंतु जीर्णोद्धाराच्या उत्साहात पहिला बळी बहुधा लाकडाचाच जातो. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ली-एनफिल्ड ‘मार्क ३’ रायफल हे याचे बोलके उदाहरण होय. इंग्लंडातील एनफिल्डप्रमाणेच बंगालमधील ईशापूर येथेही ती तयार होई. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा अनेक रायफली अमेरिका व कॅनडा येथे स्वस्तात विकल्या गेल्या आणि शिकारीच्या सोयीसाठी त्यांचे पुढील लाकूड कापले गेले. पुढे संग्राहकांनी त्या घरीच पूर्ववत करण्यास आरंभ केला.

या रायफलीचा दस्ता व पुढील लाकूड हे दोन स्वतंत्र भाग होत. दस्त्याच्या आतून जाणाऱ्या लांब बोल्टाचे चौकोनी टोक पुढील लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढील लाकूड आधी न उतरविता बोल्ट फिरविल्यास ते तडकते. ही हानी निदान दिसते तरी. काचकागदाने होणारी हानी दिसत नाही. निरीक्षकांचे ठसे आणि रायफलीचा क्रमांक लाकडाच्या वरच्या पातळ थरातच असतात. तो थर घासला की शस्त्राची ओळखच नाहीशी होते.

म्हणून जाणकार मळ केवळ पुसून काढतात, खोक्यावर ओले फडके ठेवून तापलेली इस्त्री फिरवितात आणि मूळच्या पद्धतीप्रमाणे जवसाचे तेल मुरवितात. पोथीचा संपादक जुना पाठ खोडीत नाही. येथेही तोच विवेक इष्ट होय.