रुमाल आणि गोळी

रेशमाचे कौतुक आपण करतो ते त्याच्या झळाळीसाठी; मला नवल वाटते ते त्याच्या चिवटपणाचे. १८८१ साली अमेरिकेत, ॲरिझोनातील टूमस्टोन या खाणगावी, एक जुगारी पिस्तुलाच्या गोळीने ठार झाला. डॉक्टर जॉर्ज गुडफेलो यांनी जखम तपासली, तो काय? गोळी खिशातल्या रेशमी रुमालात गुंडाळलेलीच निघाली! १८८७ साली त्यांनी त्यावर लेखही लिहिला.

रुमालाने गोळी धरली, मग माणूस का दगावला? गोळी आदळली की धागा ताणला जातो. तो ताण धाग्यातून दूरवर धावतो आणि उभे-आडवे धागे तो आपसांत वाटून घेतात. जितके धागे, जितके थर, तितका घाव हलका. खिशातल्या चिमुकल्या रुमालाजवळ वाटणीला धागे कितीसे असणार? तो गोळीबरोबर आत ओढला गेला.

१९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या विदुषींनी एक गढूळ द्रावण तयार केले. यंत्राची छिद्रे तुंबतील म्हणून ते कातायला सहकारी कचरत होता. बाईंनी हट्ट सोडला नाही. त्यातूनच पुढे केव्हलार आले, वजनास वजन पोलादाच्या पाचपट बळकट. त्याच्या अनेक थरांच्या बंडीआडही मुका मार बसतोच. पण पिस्तुलाची गोळी थरांतच अडते, आणि माणूस घरी परततो.