जंताच्या अंड्यातील वाटणी

घोड्याच्या आतड्यातला जंत म्हटलं की आपण नाक मुरडणार. पण याच जंताच्या अंड्याने एका जुन्या वादाचा निकाल लावला. एका अंड्यापासून नाना तऱ्हेच्या पेशी होतात. हा वेगळेपणा येतो कोठून? पेशीच्या केंद्रकातून, की भोवतालच्या पेशीद्रव्यातून?

थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाला १८८७ साली एक विलक्षण गोष्ट दिसली. अंड्याच्या दोन पेशी झाल्या, की पुढच्या विभाजनात एकीची गुणसूत्रे अखंड राहतात. दुसरीच्या गुणसूत्रांची टोके तुटून टाकून दिली जातात. हाच प्रकार पुढच्या काही विभाजनांत पुन्हा होतो, आणि गुणसूत्रे शाबूत राखणाऱ्या एकाच पेशीपासून बीजपेशी होतात. तुम्ही म्हणाल, मग वेगळेपणा केंद्रकातच आला की! वरवर पाहता तसंच वाटतं. पण १९१० साली बोव्हेरीने अपकेंद्री यंत्रात गरगर फिरवलेल्या अंड्यांचा वृत्तान्त दिला. काही अंड्यांत विभाजनाची दिशाच बदलली आणि खालच्या टोकाचे पेशीद्रव्य दोन्ही पेशींच्या वाट्याला आले. झालं! दोघींचीही गुणसूत्रे शाबूत राहिली. केंद्रके तशीच, फक्त शेजार बदलला. इतका स्वच्छ प्रयोग विरळाच, असं मला वाटतं.

पण पेशीद्रव्यातला जिन्नस एका टोकाला जमतो कसा? याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका जंतात मिळालं. हा सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, जेमतेम एक मिलिमीटर लांब. सुसान स्ट्रोम आणि विल्यम वुड यांनी १९८२ साली त्याच्या अंड्यातले 'पी' कण चकाकते करून दाखवले. फलनापूर्वी ते अंडंभर विखुरलेले, तर पहिल्या विभाजनाच्या आत सगळे मागच्या टोकाला. १९८८ साली केनेथ केम्फ्यूज व सहकाऱ्यांनी 'पार' जनुके शोधली. ती बिघडली की ही सारी वाटणीच बिघडते.

कण कोणी तरी वाहून नेत असेल, ही कल्पना साहजिक होती. २००९ साली क्लिफर्ड ब्रँग्विन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते कण द्रवाचे थेंब आहेत. पुढे ते विरघळतात आणि मागे नव्याने धरतात, भाताच्या पातेल्यावरच्या गार झाकणाला वाफेचे थेंब धरावेत तसे.

आणि गंमत पाहा. २०१० साली असं आढळलं, की हे कण दोन्ही पेशींत सारखे वाटले गेले तरी बीजपेशी होतातच. 'पाय-१' नावाचे प्रथिन मात्र त्याही अंड्यांत मागच्याच पेशीत उतरत होते.