‘ती’ जमीन आणि ‘एक’ प्रयोजन

इंग्रजीतील उपपदे मराठी विद्यार्थ्याला का छळतात, याचे एक ठरावीक उत्तर आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत: मराठीत उपपदे नाहीत म्हणून. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्यातून मराठी माणसाला ‘ठाऊक असलेली वस्तू’ आणि ‘कोणतीही एक वस्तू’ यांत भेदच करता येत नाही, असा एक न बोललेला निष्कर्ष निघतो. आणि तो साफ चुकीचा आहे. ‘मुलगी पाहायला गेले आहेत’ आणि ‘मुलीला पाहायला गेले आहेत’ या दोन वाक्यांतला फरक आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. पहिल्यात स्थळ आहे, दुसऱ्यात इस्पितळ किंवा वसतिगृह असू शकेल. पहिली मुलगी अजून कोणीही असू शकते, दुसरी आधीच ठरलेली आहे. एवढे काम इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ करतात, मराठीत ते एका विभक्तिप्रत्ययाने साधले.

मग हा भेद आपल्या व्याकरणात ठळकपणे का आला नाही? कारण ऐतिहासिक आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. संस्कृत परंपरेबरोबरच त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांचा, विशेषतः लिंडले मरे याच्या ग्रंथाचा, त्यावर प्रभाव होता. मरेचे व्याकरण १७९५चे. त्यात शब्दांच्या नऊ जाती आहेत आणि यादीत पहिला मान उपपदाचा आहे. दादोबांपासून मराठीत रूढ झालेल्या जाती आठ: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. नवातून एक वजा केले की आठ उरतात, आणि वजा झालेले ते एक म्हणजे उपपद. दादोबांचा निर्णय योग्यच होता. जो शब्दवर्ग मराठीत नाही तो केवळ इंग्रजीत आहे म्हणून का आणावा? परंतु रकाना गेला त्याबरोबर रकान्यात बसणारा प्रश्नही गेला. ‘उपपद’ ही संज्ञासुद्धा आपण पुढे संस्कृत व्याकरणातून उचलली. तिथे ती ‘कुंभकार’सारख्या समासातील पूर्वपदासाठी आहे, इंग्रजी आर्टिकलशी तिचा काही संबंध नाही. उसन्या कल्पनेला उसने नाव मिळाले आणि उपपद हा नियम पाठ करण्याचा विषय होऊन बसला. सूर्य एकच म्हणून ‘द’, नद्यांना ‘द’, गावांना काही नाही. (प्रदेशांचे मात्र सांगता येत नाही. इंग्रज अंमलदार ‘द डेक्कन’ आणि ‘द कोंकण’ असेच लिहीत, मुंबईला मात्र त्यांनी कधी ‘द’ लावला नाही. हे सूर्याच्या नियमाने समजावून दाखवावे.)

मराठीच्या कचेऱ्यांना मात्र या प्रश्नाला बगल देणे परवडणारे नव्हते. दस्तऐवजात ‘कोणते गाव’, ‘कोणते शेत’ हे एकदा सांगितल्यावर पुढच्या ओळीत तेच गाव, तेच शेत अभिप्रेत आहे हे निःसंदिग्ध व्हावे लागते. म्हणून मोडी कागदांत ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’ असे येते. ‘मजकूर’ म्हणजे वर उल्लेखिलेला. आज आपण लेखातील मजकूर म्हणतो तो अर्थ नंतरचा. त्याच्या जोडीला ‘सदरहू’ आणि ‘सदर’. हे फारसी दप्तराच्या वाटेने आलेले अरबी शब्द मराठी कारकुनाच्या हातात जवळजवळ निश्चित उपपदाचे काम करीत होते. शिष्ट मराठीला ‘सदर इसम’ हास्यास्पद वाटतो, विनोदी लेखकांनी त्यावर पुष्कळ हात साफ करून घेतला आहे. पण ज्याची जमीन त्या कागदावर आहे त्याला ‘सदर’ या शब्दात हसण्यासारखे काही सापडत नाही.

हे सांगण्याचे निमित्त न्हावा शेवा.

नावापासूनच पाहा. न्हावा आणि शेवा ही दोन गावे, एक पनवेल तालुक्यातले, दुसरे उरण तालुक्यातले. बंदराच्या कागदांनी त्यांच्यामधला ‘आणि’ काढून टाकला व एकच नाव केले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले. तरी जहाजांच्या जगात ते न्हावा शेवाच राहिले. पण आपल्याला हवी ती कथा त्याआधीची आहे, आणि ती ज्या इंग्रजीत घडली ते इंग्रजी १८९४ सालच्या भूसंपादन कायद्याचे होते.

त्या कायद्याची कलमे एखाद्या व्याकरणाच्या तासाला ओळीने वाचून पाहावीत. चौथ्या कलमात सरकारला कोणत्याही परिसरातील ‘लँड’ लागणार आहे किंवा लागण्याचा संभव आहे. तिथे ‘लँड’ शब्दामागे उपपद नाही. जमीन अजून पाण्यासारखी, धान्यासारखी, मोजदाद न झालेली. सहाव्या कलमात ती ‘एनी पर्टिक्युलर लँड’ होते, म्हणजे गट क्रमांकांच्या हद्दी तिच्याभोवती पडतात. सोळाव्या कलमात जिल्हाधिकारी ‘द लँड’चा ताबा घेतो आणि ती सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारात निहित होते. उपपदशून्यापासून ‘द’पर्यंतचा हा प्रवास निर्दोष इंग्रजीचा नमुना आहे. वस्तू प्रथम अनिश्चित असते, उल्लेख होत जातो तशी ती निश्चित होते. पाठ्यपुस्तकातला ‘एक राजा होता, तो राजा’ हा धडा याच चालीने जातो.

आता त्याच कलमांतले दुसरे नाम पाहू: ‘पब्लिक पर्पज’. चौथ्या कलमात ते ‘एनी पब्लिक पर्पज’ आहे. सहाव्यात ‘अ पब्लिक पर्पज’. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अशी घोषणा हा निर्णायक पुरावा मानला आहे. कशाचा, तर ‘द लँड’ ही ‘अ पब्लिक पर्पज’साठी लागते आहे याचा. एकाच वाक्यात जमीन निश्चित, प्रयोजन अनिश्चित. जमिनीच्या बाबतीत जो व्याकरणनियम काटेकोर पाळला, तो प्रयोजनाच्या बाबतीत शेवटपर्यंत लागू झाला नाही. व्याख्येच्या कलमातही ‘पब्लिक पर्पज’ म्हणजे अमुक असे नाही, त्यात अमुक अमुक ‘समाविष्ट आहे’ एवढेच. या ‘अ’ला व्याकरणदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे साहित्याच्या विद्यार्थ्याचेही काम आहे असे मला वाटते.

न्यायालयांनाही हा प्रश्न टळला नाही. मुन्शी सिंग खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ‘परिसराचा नियोजित विकास’ एवढेच प्रयोजन सांगणे पुरेसे नाही. कशासाठी घेता हेच न कळल्यास जमीनधारकाने हरकत तरी कशावर घ्यायची? दोन वर्षांनी अफलातून खटल्यात (१९७४), दिल्लीच्या संदर्भात, त्याच न्यायालयाने मोठ्या क्षेत्राच्या संपादनात प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र उपयोग सांगण्याची आवश्यकता नाही असे धरले. क्षेत्र जितके मोठे, तितके प्रयोजन सैल असले तरी चालेल, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

आणि इथे क्षेत्र मोठेच होते. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन १९७० पासून याच कायद्याखाली सुरू झाले. मराठीत ‘अ पब्लिक पर्पज’ झाले ‘सार्वजनिक प्रयोजन’. आणि आपली भाषा इथे नेमकी मुकी राहिली. ‘सार्वजनिक प्रयोजनासाठी’ म्हटल्यावर ते कोणते तरी एक की ठरलेले ते, हे वाक्यावरून कळत नाही. जमिनीला ‘सदर’ लावण्याची जुनी सवय कागदांत टिकून होती, प्रयोजनाला कोणी ‘सदर’ लावत नाही. ज्या भेदासाठी मराठीला कारकुनी का होईना, शब्द होता, तो भेद नेमका तिथेच हरवला. दि. बा. पाटील वकील होते. त्यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जमिनीच्या दराइतकाच, घेतलेल्या जमिनीत मूळ मालकाचा वाटा काय, हाही प्रश्न होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मरण पावले.

त्या लढ्यातून निघालेले साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे १९९०च्या दशकात शासननिर्णयांच्या रूपाने आले. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ‘द लँड’ गेली आणि ‘अ प्लॉट’ आला: तीच जमीन नव्हे, तिच्या बदल्यात कुठला तरी एक तुकडा. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांसाठी तर हाही ‘अ’ फार उशिरा आला. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या कार्यक्रमात त्यांना इरादापत्रे दिली गेली. इरादापत्र हा शब्दही आपल्या विषयाला धरूनच आहे. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून १८९४चा कायदा जाऊन २०१३चा नवा कायदा अमलात आला होता. शेवा गाव त्याच्या जागेवरून केव्हाच उठले होते. शेतकरी ‘नवीन शेवा’ इथे गेले, कोळी हनुमान कोळीवाड्यात. त्या जागेला वाळवी लागली, घरे पोखरली गेली, आणि कोळ्यांना पुन्हा पुनर्वसन मागावे लागले.

भाषांतराच्या तासाला मी एकदा फळ्यावर एक वाक्य लिहिले होते: ‘शेव्याच्या कोळ्यांनी जमीन मागितली.’ इंग्रजी करा, उपपदांकडे लक्ष द्या. बहुतेकांनी नुसते ‘लँड’ लिहिले, काहींनी ‘अ पीस ऑफ लँड’, दोघातिघांनी ‘द लँड’. मी बरोबर उत्तर सांगणार तेवढ्यात उरणहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, ‘‘सर, हे वाक्य कोणत्या सालचं आहे?’’