अर्थशास्त्राची पदवी : अभ्यासाचे स्वरूप आणि पुढच्या वाटा

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील अनेक घरांत शाखानिवडीची चर्चा सुरू होते. विज्ञानाची वाट अभियांत्रिकी आणि वैद्यकाकडे, तर वाणिज्याची सनदी लेखापालाच्या परीक्षेकडे जाते, हे पालकांना ठाऊक असते. अर्थशास्त्राविषयी मात्र दोन परस्परविरोधी समज आढळतात. काहींना तो कला शाखेतील पाठांतराचा विषय वाटतो, तर काहींना शेअर बाजारात पैसा कमावण्याची विद्या. दोन्ही समज अपुरे आहेत आणि त्यांच्या आधारे घेतलेला निर्णय तीन-चार वर्षांनी महाग पडू शकतो. म्हणून या पदवीत नेमके काय शिकविले जाते आणि तिच्यानंतर कोणती दारे उघडतात, हे प्रवेशापूर्वीच जाणून घेणे हिताचे ठरते.

विषयाचा गाभा

साधने मर्यादित आणि गरजा अनेक, अशा स्थितीत व्यक्ती, उद्योग आणि सरकारे निवड कशी करतात, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. त्याची उदाहरणे शोधण्यासाठी गोमंतकीय विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. बाजारात आवक घटते आणि भाव चढतात. हा मागणी-पुरवठ्याचा पहिला धडा झाला. परंतु बंदी मुळात का घालावी लागते, हा त्यापुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. समुद्रातील मासळी कोणा एकाच्या मालकीची नसते. प्रत्येकाने केवळ स्वतःच्या लाभाचा विचार करून जाळे टाकले, तर प्रजननाच्या काळातच साठा घटत जातो आणि अखेरीस सर्वांचेच नुकसान होते. सामायिक साधनांच्या व्यवस्थापनाचा हाच प्रश्न अभ्यासणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. गावकरी संस्था आणि खाजन जमिनींचे बांध यांच्यामागेही सामूहिक साधने सर्वांनी मिळून कशी राखावीत, हाच विचार आहे.

खाणींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. रोजगार, ट्रकमालकांची कर्जे, सरकारी महसूल, शेतीत आणि पाण्यात उतरलेली खाणमाती, आणि एकदा काढले की परत न मिळणारे खनिज या सर्वांचा हिशेब एकाच ताळेबंदात कसा मांडावा? न्यायालयाने २०१४ च्या निकालात खनिजविक्रीच्या उत्पन्नाचा १० टक्के वाटा कायम निधीत ठेवण्याचे निर्देश दिले, त्यामागे भावी पिढ्यांच्या वाट्याचा विचार होता. अशा प्रश्नांकडे भावनेच्या पलीकडे जाऊन पाहण्याची शिस्त हा विषय देतो.

अभ्यासक्रमाची रचना

पदवी अभ्यासक्रमात सूक्ष्मलक्षी आणि समग्रलक्षी अर्थशास्त्र हे दोन मुख्य खांब असतात. पहिल्यात ग्राहक, उत्पादक आणि बाजारपेठ यांचे वर्तन अभ्यासले जाते, तर दुसऱ्यात राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, बेरोजगारी, चलन आणि व्याजदर यांचा विचार होतो. त्यांच्या जोडीला सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचे अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, संख्याशास्त्र आणि अर्थमिती हे विषय येतात. आकडेवारीच्या साह्याने सिद्धान्त पडताळून पाहण्याचे शास्त्र म्हणजे अर्थमिती. आज नोकरीच्या बाजारात सर्वाधिक उपयोगी पडणारे कौशल्य तेच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना आता चार वर्षांची झाली आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी असे टप्पे आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय मिळतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षात पूर्ण करता येतो. मधल्या टप्प्यावर बाहेर पडण्याची सोय असली, तरी अर्थशास्त्रात केवळ प्रमाणपत्राला किंवा पदविकेला बाजारात फारसे मोल नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गणिताचा प्रश्न

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण गणिताची असते आणि ती बहुधा उशिरा लक्षात येते. अकरावीत गणित सोडूनही अनेक महाविद्यालयांत अर्थशास्त्राला प्रवेश मिळतो. त्यामुळे गणिताची गरज नाही, असा ग्रह होतो. परंतु दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्स अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी गणित अनिवार्य आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत गणिताची कसोटीच लागते. बिट्स पिलानीच्या झुआरीनगर येथील संकुलात अर्थशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम बारावीनंतरच सुरू होतो, पण तो विज्ञान शाखेतून गणित घेऊन आलेल्यांसाठी आहे. म्हणजे अकरावीत घेतलेल्या एका निर्णयाने पुढील अनेक वाटा कायमच्या बंद होऊ शकतात. ज्यांचे गणित सुटले आहे, त्यांनी पदवीच्या पहिल्याच वर्षापासून कलनशास्त्र, आव्यूह आणि संभाव्यता यांची तयारी स्वतंत्रपणे करणे हाच उपाय आहे.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षण्यासारखा नाही. मराठी प्राथमिक शाळेतून आलेला विद्यार्थी पुढे इंग्रजीतून शिकतो आणि संज्ञा पाठ करतो, पण त्यामागील कल्पना कित्येकदा निसटते. सीमांत उपयोगिता, मागणीची लवचिकता, संधी खर्च हे शब्द मराठीतून समजून घेतल्यास पाया पक्का होतो. याला मोठी परंपराही आहे. गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ मराठीत लिहिला. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले, ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी भारतीय अर्थविचाराला दिशा दिली.

पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा

वैद्यकाप्रमाणे अर्थशास्त्रातही पहिली पदवी ही बहुधा सुरुवातच असते. गोवा विद्यापीठात हा विषय गोवा बिझनेस स्कूलच्या अंतर्गत शिकविला जातो. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून कार्यरत असून तेथे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि १९४९ मध्ये स्थापन झालेले दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांचा देशात दबदबा आहे. प्रत्येक ठिकाणच्या प्रवेशपरीक्षेचे स्वरूप वेगळे असते. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच मागील प्रश्नपत्रिका पाहणे उपयुक्त ठरते.

नोकरीच्या संधी

केवळ पदवीच्या बळावर बँकांच्या अधिकारी परीक्षा, राज्य व केंद्रीय लोकसेवा परीक्षा आणि ६० टक्के गुण असल्यास रिझर्व्ह बँकेची ‘ब’ श्रेणी अधिकारी परीक्षा देता येते. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत अर्थशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. मात्र तो घेतला नाही, तरी सामान्य अध्ययनातील अर्थविषयक भागासाठी पदवीचा अभ्यास कामी येतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाबार्डमध्येही अधिकारीपदे भरली जातात.

पदव्युत्तर पदवीनंतर भारतीय आर्थिक सेवेचे दार उघडते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. लेखी परीक्षा एकूण १००० गुणांची आणि मुलाखत २०० गुणांची असते. जागा मोजक्या असल्याने स्पर्धा तीव्र असते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागालाही पदव्युत्तर अर्थतज्ज्ञच लागतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुणांसह नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे हा रुळलेला मार्ग आहे. राज्यात नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय आर्थिक पाहणी व इतर अहवाल तयार करते. अशा कार्यालयांत संख्याशास्त्र जाणणाऱ्यांची गरज असते.

खासगी क्षेत्रात पतमानांकन संस्था, विमा कंपन्या, सल्लागार कंपन्या आणि माहिती-विश्लेषण करणाऱ्या संस्था अर्थशास्त्राच्या पदवीधरांना घेतात. मात्र तेथे पदवीइतकेच महत्त्व आकडेवारी हाताळण्याच्या कौशल्याला असते. एक्सेल उत्तम येणे ही आता किमान अपेक्षा आहे. त्याच्या जोडीला आर किंवा पायथनसारखी संगणकभाषा शिकल्यास उमेदवाराचे पारडे जड होते. पत्रकारिता, कायदा आणि व्यवस्थापन या क्षेत्रांकडे वळणाऱ्यांनाही हा पाया उपकारक ठरतो.

निर्णयापूर्वी

तीन वर्षांची साधी पदवी घेऊन लगेच चांगल्या पगाराची नोकरी हवी असेल, तर अर्थशास्त्र हा सोपा मार्ग नाही. ज्याला आकड्यांचे भय नाही, वर्तमानपत्रातील अर्थसंकल्पाचे पान वाचताना प्रश्न पडतात आणि पाच वर्षे अभ्यासाची तयारी आहे, त्याच्यासाठी तो समृद्ध मार्ग आहे. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि अर्थमिती किती सत्रे शिकविली जातात, प्रकल्प प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीवर आधारित असतात की नाही आणि माजी विद्यार्थी पुढे कोठे गेले, या तीन गोष्टींची चौकशी पालकांनी अवश्य करावी. महाविद्यालयाच्या नावापेक्षा या तीन उत्तरांवरून विद्यार्थ्याच्या भवितव्याचा अंदाज अधिक नेमका येतो.